ताईची साक्ष

दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून ताई घरी आली, टबात गरम पाणी ओतलं आणि त्यात पाय बुडवून बसली, तोच दार वाजलं. ओल्या पायांनीच तिने ते उघडलं. समोर पिकल्या केसांची एक बाई जिने चढून धापा टाकत उभी होती. तिने आधी बसायला खुर्ची मागितली, मग ओळखपत्र दाखवलं. ती सुरक्षा पडताळणीची अधिकारी होती.

ती धाकट्या भावासाठी आली होती, हे ताईने ओळखलं. विमानतळावर रडार दुरुस्त करायची नोकरी त्याला मिळत आली होती, पण मंजुरीशिवाय त्या खोलीत कुणाला पाऊलही टाकू देत नाहीत. मागच्या वेळी त्याने नशेला कधी शिवलोच नाही असं ठोकून दिलं होतं आणि ते उघडकीस आल्यावर तोंड पाडून परत आला होता. या वेळी नकार आला, तर ते दार कायमचं बंद.

परवा तो येऊन म्हणाला होता, की या खेपेला सगळं खरं सांगून टाकलंय, तूही खरंच सांग. ताईने मान डोलावली होती. सगळं खरं सांगितलंय, हे वाक्य तिने त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की आता तिला रागही येत नव्हता, नुसता कंटाळा यायचा. याने पुन्हा थाप मारली असणार आणि निस्तरायला आपणच, असं तिने मनाशी धरलं.

निस्तरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो वर्कशॉपच्या फाटकाशी झिंगून पडला, तेव्हा तिने साहेबांना कावीळ सांगितली होती. आईची बांगडी त्याने विकली, तेव्हा ती आपणच हरवली म्हणून वडिलांची बोलणी खाल्ली होती. दिवसा रोग्यांच्या चादरी आणि घरी आलं की भावावर पांघरूण, यातच तिची उमेदीची वर्षं गेली.

अधिकारी बाईने विचारलं, भाऊ कधी नशा करायचा का?

"छे," ताई म्हणाली. "आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा चालत नाही."

आवाज कापला नाही, नजर हलली नाही. इतकी वर्षं उगीच गेली नव्हती. बाईने मात्र काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि दुखरा गुडघा चोळत बसली.

"तुमच्या भावाने मला बजावलंय," ती म्हणाली. "म्हणाला, ताई आधी खोटं बोलेल. ती सवय मी लावलीय तिला. तिच्यावर रागावू नका, दुसऱ्यांदा विचारा."

फाटक, कावीळ, बांगडी असं एकेक बाई सांगत गेली. धाकट्याने काहीही राखून ठेवलं नव्हतं. उलट ताईला माहीत नसलेल्या दोन-चार गोष्टीही त्यात होत्या. जन्मात एकदा तो खरं बोलला होता आणि नेमका तेव्हाच तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिला लाज वाटली. तो आता खरं बोलतोय याचा आनंदही झाला.

"म्हणजे माझ्यामुळे त्याची नोकरी गेली?" तिने विचारलं.

"अजून मी काहीच लिहिलेलं नाही." बाईने टोपण काढलं. "दुसऱ्यांदा विचारते. तुमचा भाऊ नशा करायचा?"

टबातलं पाणी गार झालं होतं. ताईने तोंड उघडलं, तर सवयीने 'छे'च ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी रडली, की पुढचं सगळं ऐकायला बाईला बराच वेळ थांबावं लागलं.