बोटं खाल्लेलं मशीन

"घरमा आनानं नही. गाडी आठेच उभी ऱ्हाऊ द्या." धुरपदाबाई दारात आडवी उभी राहिली.

बैलगाडीत पेंढ्यांवर एक गंजलेलं ड्रिल मशीन आडवं पडलं होतं, चांगलं पुरुषभर उंचीचं. त्याच्या खांबावर हात टाकून तिचा नवरा हिलाल बसला होता, नवरी आणल्यासारखा खुशीत.

"हाई तेच ना?"

"तेच."

"त्यानी तुम्हना बोटं खादात, आनि तुम्ही त्याले घर आनतस?"

"मशीन बोटं खात नही, धुरपदा. त्याले पोट कोठे शे?"

आम्ही शेजारी हसलो. ती हसली नाही.

दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिलाल मिस्त्री होता. काही वर्षांपूर्वी भोक पाडताना हातातली लोखंडी पट्टी ह्याच मशीनमध्ये अडकली, गरकन फिरली आणि त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. मालक घेवरचंदशेठ माणूस वाईट नव्हे. त्यांनी दवाखान्याचं पाहिलं आणि हिलालला फाटकावर बसवलं. बसून पगार, डोक्यावर सावली, शेजारी पाण्याचा माठ. दुष्काळातले, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खायचे दिवस होते ते, गावाला वाटलं हिलालने नशीब काढलं. मला विचाराल तर शेठने त्याला उपाशी ठेवलं असतं तरी तो इतका वाळला नसता. ज्याला लोक मिस्तरी म्हणून हाक मारायचे, त्याला आता गाडीवाले नुसता भोंगा वाजवून बोलवत होते.

मशीनलाही त्यानंतर कोणी हात लावला नाही. खोडीच्या बैलासारखं ते कोपऱ्यात पडून होतं. शेठ ते मोडीत काढायला निघाले तेव्हा हिलालने मागितलं.

"अरे, तू काय करणार त्याचं?" शेठ म्हणाले. "फाटकावर सुखात आहेस की."

"शेठ, फाटक तं कुत्रं बी राखस," हिलाल म्हणाला. मोडीच्या भावात मशीन गाडीवर चढवलं आणि नोकरीवर पाणी सोडलं.

धुरपदाबाईने ते घरात घेऊ दिलं नाहीच. मागच्या सपरात म्हशीची जागा रिकामी होती, तिथे ते उभं राहिलं. हिलाल दिवसभर त्याला खरवडत बसायचा. भोक पाडणारा दांडा जिथे वरखाली होतो ती नळी काही केल्या सुटत नव्हती. रॉकेलमध्ये भिजवून भिजवून एकदाची सुटली, तेव्हा त्याने बायकोला हाक मारली.

"आठे ये. दख."

नळीच्या आत लाल-काळे थर बसले होते, दगडासारखे.

"काय शे हाई?"

"कुकू. शेंदूर, तेल. दर दसराले वरथीन नारयनं पानी. समदं आतमा मुरनं, घट्ट व्हई गयं. दांडा उतरे नही, आनि जोर करा तं एकदम उतरे." त्याने नळी खाली ठेवली. "नारय मीच फोडत व्हतू. मिस्तरी मी व्हतू ना."

"मंग देवनी चूक का?"

"देवनी कसानी? मशीन धुवाले पायजे व्हतं. आपन पूजतच ऱ्हायनूत."

त्या संध्याकाळी चिमणीत घालायला घरात रॉकेल उरलं नव्हतं, धुरपदाबाईने चुलीच्या उजेडातच भाकरी थापल्या.

धुळ्याच्या जुन्या बाजारातून हिलालने बेअरिंग आणलं. दाबायच्या हँडलला एक मोठं कडं जोडून घेतलं, त्यात मनगट घालून ओढलं की बोटांचं अडत नव्हतं. अडलं ते दुसरीकडेच. जिनिंगमध्ये मशीन इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचं. घरी इंजिन कुठलं? कडबा कापायच्या मोडक्या यंत्राचं चाक त्याने बसवलं, त्यावर पट्टा चढवला. पण एकाने चाक फिरवायचं आणि एकाने दाबायचं, असं ते दोघांचं काम होतं. बायकोला विचारायची त्याची छाती होईना.

पहिलं काम आलं नेमकं दसऱ्याला. लोटन नावाचा शेतकरी पंपाची पट्टी घेऊन आला, त्याचं पिकाचं पाणी अडलं होतं. दसऱ्याला हत्यारं पूजायची, चालवायची नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. म्हणून गंमत पाहायला सपरात आम्ही सगळेच जमलो. हिलालच्या जागेवर लागलेला जिनिंगचा नवा मिस्त्री धनसिंगही आला.

"आबा, आज नारय फोडा, फूल वाहा," तो म्हणाला. "चालाडाले हात कोठे शेतस तुम्हले?"

लोक हसले. हिलालने पट्टी टेबलावर पक्की आवळली, चाकाला जोरात गती दिली आणि धावत हँडलपाशी आला. ड्रिल लोखंडाला टेकलं आणि चाक थांबलं. पुन्हा तेच झालं. हसणं वाढलं. मला धनसिंगच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मीही उभाच राहिलो.

धुरपदाबाई घरातून बाहेर आली. तिने पदर कमरेला खोचला आणि चाकाची मूठ धरली.

"अक्का, तुम्ही?" धनसिंग म्हणाला.

"तुन्हा कारखानामा इंजन शे. आमना घर मी शे." मग ती आम्हा सगळ्यांकडे वळली. "आनि ह्या मशीनवर कोनी नारय फोडा तं दखा."

चाक फिरू लागलं. हिलालने कड्यात मनगट घातलं आणि ओढलं. लोखंडाचा बारीक कीस वळ्या घेत वर आला. धुरपदाबाईच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं, तरी तिने मूठ सोडली नाही. ड्रिल आरपार गेलं.

हिलालने खाली वाकून फुंकर मारली. भोक पडलं की मिस्त्री त्यात बोट फिरवून पाहतो. त्याचा उजवा हात सवयीने पुढे गेला आणि भोकापाशी थांबला. कोणी हसलं नाही. त्याने तो हात मागे घेतला, डाव्या हाताचं बोट आत घातलं आणि सावकाश फिरवलं.

"थोडं खरखरी ऱ्हायनं," तो म्हणाला. "फिराव."

धुरपदाबाईने पुन्हा मूठ धरली.