पिलदोने थांबवलेला सूर्य

बायबलातल्या यहोशवाने सूर्य थांबवला तो लढाईसाठी, आणि ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या बेटावरच्या पिलदोने तो नुसत्या हट्टापायी थांबवला, तर कोरियाच्या किनाऱ्यावरच्या मोकपो शहरातल्या लोकांना ते खरंच वाटत नाही. मी धक्क्यावर उभा होतो, म्हणून सांगतो.

नव्या वर्षाच्या सकाळी आमच्या चर्चमध्ये टोपली फिरते. तिच्यात वचनांच्या चिठ्ठ्या. डोळे मिटून एक उचलायची, घरी भिंतीला लावायची आणि वर्षभर तसं वागायचं. बदलून मिळत नाही. पिलदोच्या हाती आलं, 'तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये.' तो खूश झाला. त्या घडीला त्याचा कुणावरच राग नव्हता.

राग आला चर्चमधल्याच जेवणाच्या वेळी. प्रार्थनेला गिथेक उभा राहिला. हे दोघे मिसरूड फुटल्यापासूनचे दोस्त. होडी दोघांत एक, समुद्रातल्या शेवाळाची जाळी शेजारी-शेजारी. गिथेकची प्रार्थना साऱ्या राष्ट्रांपासून सुरू होते आणि कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत येते. तोकगुकातल्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सुपातल्या, तांदळाच्या चकत्या फुगून वाडग्याबाहेर डोकावू लागल्या, तेव्हा तो म्हणाला, "आणि हे प्रभू, दुसऱ्याच्या हद्दीत जाळ्याचा खुंट सरकवणाऱ्या भावाला सद्बुद्धी दे. नाव तुला ठाऊकच आहे."

"आमेन," पिलदो मोठ्याने म्हणाला आणि त्याने चमचा उचलला. त्याच्यामागे सगळ्यांनीच. गिथेक डोळे मिटून एकटाच उभा.

"माझी प्रार्थना संपली नव्हती," तो म्हणाला.

"चहाडी संपली होती ना?"

झालं. गिथेक न जेवता निघून गेला. दुसऱ्या दिवशी जाळी काढायची होती, आणि पिलदोच्या समोर गिथेकच हवा. दुसरा कुणी बसला की ती होडी जागच्या जागी गोल फिरते, हे मी स्वतः पाहिलंय.

दुपार कलली. पिलदोची बायको ओकबून हिने चिठ्ठी भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवली होती.

"अहो, सूर्य उतरतोय."

"मला दिसतंय."

"मग जा की. वचन तुम्हीच उचललंत."

"आधी त्यानं यावं."

"त्याच्या चिठ्ठीत 'सर्वदा आनंद करा' आलंय. तो घरी बसून आनंद करतोय."

पिलदो उठला, पण गिथेककडे गेला नाही. टेकडीवर चढला. तिथून सूर्य उशिरा मावळतो ना! पण तिथेही तो खाली यायला लागला. तसा पिलदो धावत धक्क्यावर आला आणि होडी सुरू करून थेट पश्चिमेला निघाला, सूर्याच्या मागे.

गिथेकने घरातून ते पाहिलं, धक्क्यावर धावत आला आणि उडी मारून होडीत चढला. "कुठं चाललास? अर्धी होडी माझी आहे."

"मग तुझी अर्धी इथंच ठेव."

पुढचं दोघांनी मला एकेकट्याने सांगितलं आणि ते जुळलं, म्हणजे खरंच असणार. होडी पळत होती आणि इकडे बेटावर सूर्य पाण्यापासून हातभर वर लटकलेला. कोंबड्या खुराड्याच्या दारात खोळंबल्या. पाळकबाईंनी सांजेच्या घंटेचा दोर धरला, सोडला, पुन्हा धरला.

"किती लांब नेणार?" गिथेकने विचारलं.

"राग जाईपर्यंत."

"मग चीन लागेल. पासपोर्ट घेतलायस?"

पिलदोला हसू फुटलं. त्याने खोकल्याचं सोंग केलं.

"हसलास लबाडा."

"थंडी आहे." मग पाण्याकडे बघत, "सरकवला मी खुंट. वीतभर."

"वीतभर?"

"बरं बाबा, हातभर. चुकलं माझं."

गिथेकने टोपी काढून डोकं खाजवलं. "मला कसं कळलं ते नाही विचारलंस."

"कसं कळलं?"

"मी तुझ्या हद्दीत माझा खुंट सरकवायला आलो होतो. बघतो तर माझ्या हद्दीत तुझाच उभा. मला जागाच ठेवली नव्हतीस."

पिलदो असा हसला, की इंजिनवरच कोसळला आणि ते बंद पडलं. आणि इतका वेळ ताटकळलेला सूर्य गोटा टाकावा तसा समुद्रात पडला. घंटा वाजली. कोंबड्या आत गेल्या.

इंजिन सुरू होईना, म्हणून दोघे वल्ही मारत परतले. धक्क्यावर आम्ही कंदील घेऊन उभे होतो. अंधारातून आधी त्यांचा आवाजच आला. सुकाणू कुणाच्या हाती असावं यावरून जुंपली होती.

"अहो, पुन्हा भांडताय?" ओकबून ओरडली.

"भांडू दे की," पिलदो म्हणाला. "उद्याच्या मावळतीपर्यंत मुदत आहे."