आल्डेवीरच्या मंडळीला नेता हवा होता

आल्डेवीर गावच्या चर्चच्या मंडळीला तीन वर्षं पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, नव्हता. पंचांना त्याची लाज नव्हती, उलट मिरवायला विषय मिळाला होता. आठ महिने त्यांनी 'मंडळीचं स्वरूप आणि नेतृत्व' यांचा अभ्यास केला. चाळीस पानी अहवाल निघाला. त्यात 'दिशा' हा शब्द एकोणीस वेळा होता, आजारी माणूस एकदाही नव्हता. सेक्रेटरी बाउक्येनेच तो टाईप केला होता, म्हणून तिला पक्कं ठाऊक. आणि तिच्या घरात तिचा नवरा एल्के कॅन्सरने झिजत पडला होता. त्याचं मागणं एवढंच, शेवटी एखादा पाळक शेजारी बसावा.

पाळक निवडायची रीत अशी, की पंचांनी दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गुपचूप मागच्या बाकावर बसायचं, उपदेश ऐकायचा आणि नंतरच्या कॉफीच्या आधी सटकायचं. कसलं डोंबलाचं गुपचूप! काळ्या कोटातले तीन परके बाप्ये आणि एक बाई पेपरमिंट चघळत बसले, की शेंबडं पोरही ओळखतं.

ते गेले होते तिथल्या पाळकांना, डॉक्टर फान हाफ्टनना, ऐकायला. उभे राहिले एक बुटके, खोकणारे गृहस्थ. आधी ते एका म्हातारीजवळ जाऊन बसले, तिचा हात धरून काहीबाही बोलले. मग उपदेश केला, साधाच, पण काळजाला भिडणारा. अध्यक्ष रिन्स हूकेमाने चक्क डोळे पुसले.

"हाच आपला नेता!" गाडीत बसताच तो म्हणाला.

बाउक्येने चर्चच्या दारात वाटलेला छापील कागद पुढे केला. "अरे, हे फान हाफ्टन नव्हेतच! आज दोन गावांनी पाळकांची अदलाबदल केलीय. हे शेजारच्या खेड्यातले झेल्स्ट्रा. यांनाच बोलवू या."

रिन्सचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "झेल्स्ट्रा? ना डॉक्टरेट, ना काही. अहवालात बसतो का तो? हे बघ बाउक्ये, पवित्र आत्म्याने आपल्याला कुणाच्या चर्चमध्ये आणलं? फान हाफ्टनच्या. आत्मा चुकतो का कधी?"

उरलेल्या दोघांनी माना डोलावल्या. ज्याचा एक शब्दही ऐकला नव्हता, त्या माणसाला पाळकपदाच्या पाचारणाचं पत्र गेलं. ते बाउक्येलाच लिहावं लागलं, आणि तिचा नुसता संताप संताप झाला.

फान हाफ्टन आले. पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवून त्यांनी मंडळी म्हणजे काय ते समजावलं. रिन्स पहिल्या बाकावर फुशारून बसला होता. एल्केने अन्न सोडलं, तेव्हा बाउक्येने त्यांना फोन केला.

"आजाऱ्यांच्या भेटीगाठी मंडळीच्या टीमकडे असतात, बाई," ते गोड आवाजात म्हणाले. "थांबा, यादी बघतो. हं, टीमप्रमुख... बाउक्ये."

तिने फोन आपटला आणि झेल्स्ट्रांना लावला. तासाभरात ते सायकलवरून भिजत आले, ओले बूट काढून एल्केच्या उशाशी बसले. कितीतरी दिवसांनी एल्के हसला.

गावात बातमी पोचायला कितीसा वेळ! दारात रिन्स हजर.

"परगावचा पाळक आपल्या हद्दीत? परवानगी घेतलीस का? नियम आहेत, बाउक्ये!"

"आत माणूस मरतोय, रिन्स. हळू बोल," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.