खापरभर ज्वारी

बालमित्रांनो, मी सुरतेच्या गोडादऱ्यातलं एक जुनं खापर आहे. काळं, जाड आणि स्वभावानं जरा तिखट. लोक आपल्या चुकांचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतात आणि नाव माझं खराब होतं. म्हणून आज माझी हकिगत मीच सांगणार आहे.

माझा जन्म खानदेशात, पारोळ्याजवळच्या एका कुंभाराच्या घरी झाला. त्यानं मातीत राख आणि लीद मिसळून मला तुडवलं, थापलं, भाजलं. आमच्याकडे तेव्हा भांड्याची किंमत नोटांत होत नसे. गावातल्या धुरपदाबाईनं मला बोटानं वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत आला, तशी तिनं मला ज्वारीनं काठोकाठ भरलं. ज्वारी कुंभाराची झाली आणि मी तिचं. पुढे तिची लेक रंजना लग्न होऊन सुरतेला निघाली, तेव्हा तिनं मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं, ते थेट सुरतेपर्यंत.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रंजना मला तीन विटांच्या चुलीवर पालथं घालायची. पुरण भरलेला सैलसर गोळा दोन्ही हातांवर नाचवत ती पोळी पार कोपरापर्यंत वाढवायची आणि माझ्या तापल्या पाठीवर अलगद टाकायची. वासानं सारी गल्ली गोळा व्हायची. मग घरात गॅस आला. तिचा नवरा चिंधा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बारा-बारा तास राबू लागला, सणाला सवड उरली नाही आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. कुणीतरी माझ्यात जुन्या चपला ठेवल्या. तो अपमान मी अजून विसरत नाही!

गेल्या साली गल्लीतल्या एका लग्नासाठी रंजनानं मला खाली काढलं. माझ्यावरची पोळी खाऊन महेश केटररनं जागच्या जागी सांगितलं, “लग्नसराईतल्या सगळ्या पोळ्या तुमच्याकडून घेतो. फक्त खाण्याच्या धंद्याचा परवाना आणा.” रंजनाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा धंदा समोर दिसला.

बायकांना असे परवाने काढून द्यायला, धंदा शिकवायला एक मदत केंद्र होतं. पहिल्या खेपेला तिथले साहेब म्हणाले, नवऱ्याची सही आणा. दुसऱ्या खेपेला कळलं, की शिकवणीची वेळ आणि गल्लीत पाणी यायची वेळ एकच. तिसऱ्या खेपेला रंजनानं अर्ज भरला. ‘यंत्र’ या रकान्यात तिनं लिहिलं, खापर, एक नग. ‘किंमत’ या रकान्यात, खरं तेच लिहावं म्हणून, लिहिलं, खापरभर ज्वारी. सगळी खोली हसली. साहेबांनी तांबड्या पेनानं काट मारली.

“बेन, ये मशीन नहीं है. पापड का मशीन लो, बिल लाओ, फिर आओ.”

रंजना रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला, तीन विटांना, ढलप्यांना आणि पुरणाच्या डब्याला रिक्षात घातलं. शेजारची कविताही पदर खोचून सोबत निघाली. केंद्राच्या अंगणात दोघींनी चूल मांडली. शिपाई ओरडत धावला, त्यानं मला उचललं आणि असं आदळलं, की माझ्या काठाला चीर गेली. रंजनानं मला वाजवून पाहिलं. आवाज बद्द आला. आता मात्र तिचे डोळे भरले.

“राहू दे वं, फुटी जाई,” कविता म्हणाली.

रंजनानं मला विस्तवावर पालथं घातलंच. मित्रांनो, चिरलेलं खापर आगीवर फार टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी मनाशी ठरवलं, आज फुटायचं नाही. आज फुटलं, तर या लोकांचं हसणंच जिंकेल. चीर तडतडत होती, मी दम धरला. पहिली पोळी उतरली, हातभर लांब आणि मलमलीसारखी पातळ.

“साहेब, हाई मन्हं मशीन शे. आधी खाई दखा, मंग काट मारा!”

साहेबांनी उभ्याउभ्याच खाल्ली. दुसरी मागून घेतली. मग ओशाळून म्हणाले, “लेकिन बिल?”

“कुंभारनी ती ज्वारी कव्हंयच खाई टाकी. बिल कथाईन लयू?”

पोटात गेलेल्या ज्वारीची पावती साहेब तरी कुठून मागणार? त्यांनी नवा अर्ज काढला आणि ‘यंत्र’पुढे स्वतःच्या हातानं लिहिलं, खापर. नवऱ्याच्या सहीची जागा आली, तशी रंजनानं पेन हिसकावलं. धंदा तिचा होता, सहीही तिनंच केली.

आज परवाना आमच्या भिंतीवर आहे आणि महेशच्या गाड्या दारात येतात. माझी चीर मात्र दर पोळीगणिक वाढते आहे. एखाद्या दिवशी माझे दोन तुकडे होतील, त्याचं दुःख नको. काळजी माझी करू नका. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी त्या साहेबांच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा एखादी रंजना समोर आली, तर तिला आधी बसायला सांगा. आणि तिचं बिल मागण्याआधी तिची पोळी खाऊन बघा.