हातांच्या घरावरचा बर्फ

आमच्या कॉलेजात प्रत्येक वसतिगृहाचं आपलं एक खूळ असतं. एका घरात फक्त फ्रेंच बोलतात, एकात मांस शिजत नाही, एकाने तर शेळ्या पाळल्यात. माझ्या वाट्याला हातांचं घर आलं. उंबरठा ओलांडला की तोंड बंद, बोलायचं ते हातांनी. निम्म्या मुली बहिऱ्या, निम्म्या माझ्यासारख्या शिकाऊ. सुरुवातीला माझ्या तोंडून सारखं काहीतरी निसटायचं. मग आमची घरप्रमुख मार्लिस असं बघायची की जीभ टाळ्याला चिकटावी. ती जन्मापासून बहिरी. शाळेत पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायची, म्हणून तिने आवाजच बंद करून टाकला, असं ब्रिनने मला सांगितलं होतं. ब्रिन म्हणजे माझ्या खोलीतली जोडीदारीण. तिला चांगलं ऐकू येतं.

मी मुळातच भित्री. त्या हिवाळ्यात पायऱ्यांवरच्या छपरावर हातभर जाड बर्फ साचला होता. ऊन पडलं की वर कर्र व्हायचं आणि माझ्या छातीत धस्स व्हायचं. दुरुस्तीवाल्यांना कळवलं, येतो म्हणाले, आले नाहीत मेले. मार्लिसला सांगितलं तर ती हसली. तिचे हात म्हणाले, "तुझे कानच तुझ्या जिवाला घोर लावतात बघ." ब्रिन मला बघितलं की डोक्यावर दोन बोटं उभी करायची. ससा, म्हणजे मी. हसा बाई, हसा.

रविवारी दुपारी कडक ऊन पडलं. ब्रिन फावडं घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ काढायला गेली. मी आणि मार्लिस कोकोचे कप घेऊन दारात उभ्या होतो. वर कर्र झालं, पुन्हा झालं, आणि मग एकदम थांबलं. ते थांबणं ऐकून मी वर पाहिलं. बर्फाची अख्खी लादी कडेकडे सरकत होती, आणि खाली ब्रिन आमच्याकडे पाठ करून वाकलेली.

मी कप टाकला आणि दोन्ही हात वर केले. सरक, पळ, मागे हो, सगळं सगळं हातांनी. पाठमोऱ्या मुलीला! तिला ऐकू येत होतं, मला बोलता येत होतं, आणि मी येड्यासारखी हवेत हात नाचवत होते. मग तोंड उघडलं, तर घशातून आवाजच फुटेना. ब्रिन माझ्या डोळ्यांदेखत मरणार होती.

मार्लिसने माझे हात पाहिले, वर पाहिलं, आणि ती ओरडली. जाड, फाटका आवाज, त्यात शब्द नव्हता. ब्रिन दचकून बाजूला उडाली. लादी फावड्यावर कोसळली आणि दांड्याचे दोन तुकडे झाले.

ब्रिन बर्फात बसून रडत होती. मार्लिसने तोंडावर धरलेला हात काढला.

"आवाज कसा होता?" तिने विचारलं.

"ब्रिनला ऐकू गेला," मी हातांनी म्हणाले.

तिने मान हलवली. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "आणि तुझा कुठे होता?"

आता सकाळी घराबाहेर पडले की मी कोपऱ्यापर्यंत जाते, कुणी नाही असं बघून ब्रिनच्या नावाने मोठ्याने हाक मारते. आवाज येतोय ना, एवढंच बघायला.