शेजारची सीट

सर्व्हेयरबाईंनी पुढच्या सीटच्या फटीत दोन बोटे घातली आणि हाताला लागले ते बाहेर ओढले. केसांचा गुंता, बिस्किटाचा ओलसर भुगा आणि कापलेल्या नखांच्या पिवळट कोरी. ते सगळे रुमालावर घेऊन त्यांनी उन्हात धरले, मग रुमालाची घडी घातली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून हातातच ठेवली.

विमा कंपनीसाठी ठेचलेल्या, उलटलेल्या, जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. फुटक्या काचांची, वाळलेल्या रक्ताची त्यांना किळस नव्हती. अपघाताला लपवायचे काही नसते. तो जसा होतो तसा पडून राहतो. किळस येई ती अशा गाड्यांची: धुतलेल्या, पुसलेल्या, मेण चोळून ओळीने उभ्या केलेल्या. आरशाला टांगलेल्या सुगंधी पुठ्ठ्यातून व्हॅनिलाचा वास झिरपत होता, आणि त्याच्या खाली, गोड बोलणाऱ्या तोंडातल्या किडक्या दाढेसारखा, दुसरा एक वास दबा धरून बसला होता.

"कशी वाटते, वहिनी?" दिराने खिडकीतून डोके आत घातले. "खरं सांगा. पाहिल्याबरोबर काहीतरी झालं ना?"

"मळमळलं."

तो हसला. गाडीच्या टपावर त्याने तळहात ठेवला होता आणि तो सावकाश मागे-पुढे फिरत होता, जनावराची पाठ थोपटावी तसा. गाडी गडद निळी होती, बुटकी, रुंद खांद्यांची, उभी असतानाही धावायच्या बेतात असल्यासारखी. गेला महिनाभर त्याने घरातल्या प्रत्येकाला तिचे फोटो दाखवले होते. बायकोला दिवस गेल्यापासून मोठी गाडी हवी हे सगळ्यांनाच मान्य होते. ती अशी हवी हे फक्त त्याला.

"तिला चार दारं आहेत, वहिनी. चार दारं म्हणजे संसारी गाडी."

"आणि मागून एवढा आवाज कशाला करते संसारी गाडी?"

"तो आवाज नाही, सूर आहे."

जुन्या गाड्यांच्या दुकानाचा मालक ओल्या कागदी रुमालाने एकेक बोट पुसत जवळ आला. ही मंडळी आल्यापासून तो बोटेच पुसत होता. "डॉक्टरांची गाडी आहे, मॅडम. एकाच हातात चाललेली. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर."

सर्व्हेयरबाई खाली वाकल्या. पुढच्या टायरांची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली होती. वळणावरही ज्याचा पाय वेगावरून उठत नाही त्याचे टायर असे झिजतात. चाकाच्या आऱ्यांतून बोट घालून त्यांनी ब्रेकच्या चकतीवर नख फिरवले. कडेला उंच काठ लागला; चकतीही झिजून खोल गेली होती.

"दवाखाना घाटात होता का हो त्यांचा?"

मालक मनापासून हसला. "मॅडम, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज यावं."

"आजवर मी पाहिलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची होती," त्या उठत म्हणाल्या. "एवढे डॉक्टर असून लोक आजारी का पडतात, कळत नाही."

कार्यालयाच्या काचेआड त्यांची धाकटी जाऊ पंख्याखाली बसली होती. गाडीचे दार उघडताच त्या वासाने ती तोंडावर ओढणी धरून आत गेली होती. सकाळी सगळ्यांना घेऊन तीच आली होती, त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून. ती गाडी आता फाटकाजवळ उन्हात उभी होती. अदलाबदलीत ती इथेच राहायची होती, आणि मालकाचा एक माणूस तिच्याभोवती नाक मुरडत फिरत होता.

सर्व्हेयरबाईंनी काम पुढे चालू ठेवले. हे काम त्यांना बोलण्यापेक्षा सोपे जाई. बॉनेट आणि पुढच्या चाकावरचा पत्रा यांच्यातली फट एका बाजूला नीट होती. दुसऱ्या बाजूला, चालकाच्या शेजारच्या बाजूला, ती पुढे जाता जाता रुंदावत होती. त्या बाजूच्या दाराच्या बिजागरीवरचे बोल्ट त्यांनी निरखले. त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडाला होता. कारखान्यातून निघालेल्या बोल्टला पाना लागत नाही. दार कधीतरी उतरवले होते.

"या बाजूनं गाडी कशाला तरी भिडली आहे, भावजी."

"भिडली असेल. दुरुस्त झाली ना? माणसाचं हाड मोडून जुळतं की नाही?"

"जुळतं. पण डॉक्टर ते लपवत नाही."

दिराचे टप थोपटणे थांबले नव्हते.

चालकाच्या जागी बसून त्यांनी चावी एक घर फिरवली. दिव्यांची रांग उजळली. एअरबॅगचा दिवा स्वतःची तपासणी करतो आणि काही क्षणांत आपला आपण विझतो, इंजिन बंद असले तरी. हा विझेना. त्या थांबून राहिल्या. दिवा त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्यांनी इंजिन सुरू केले. तेलाच्या दाबाचा दिवा विझला आणि त्याच क्षणी, त्याच्या हातात हात घालून, एअरबॅगचा दिवाही. त्यांनी पुन्हा बंद केले, पुन्हा सुरू केले. पुन्हा दोघे बरोबर.

दोन दिवे कुणीतरी एकाच तारेला बांधले होते. आंधळ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवावा, तसे.

त्या उठून शेजारच्या सीटवर आल्या. समोरच्या काळ्या आवरणावर अंगठा दाबला. आवरण हलकेच आत गेले. त्यांनी सामान ठेवायचा कप्पा उघडला, त्याचे दोन्ही बाजूंचे खटके दाबून तो पुरता खाली सोडला आणि मागच्या अंधारात कोपरापर्यंत हात घातला. एअरबॅगच्या धातूच्या डब्याऐवजी हाताला कापड लागले. मऊ, दमट. त्यांनी ओढले. ते येतच राहिले.

बनियन होते. पुरुषाचे, जुने, काखेत पिवळ्या डागांचे, मागे बारीक भोकांची जाळी झालेले. आवरण दबू नये म्हणून त्याचा बोळा करून तिथे कोंबला होता. इतका वेळ व्हॅनिलाखाली दबून बसलेला वास आता उघडा झाला. दुसऱ्याच्या घामाचा वास, मुरलेला, आंबलेला. कुठल्यातरी माणसाने काम करता करता अंगातून काढले असावे आणि जागेवरच वापरले असावे. सर्व्हेयरबाईंनी ते हाताच्या अंतरावर धरले.

"हे काय?" दिराने विचारले.

"शेजारची एअरबॅग."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. त्या शांतपणे बोलत राहिल्या. गाडी धडकली तेव्हा दोन्ही एअरबॅगा फुटल्या असणार. स्टिअरिंगच्या चाकातली नवी घातलेली दिसते. या बाजूला नवी घातलेली नाही. दिवा बोलू नये म्हणून त्याला दुसऱ्या दिव्याला जोडून गप्प केले आहे. या सीटवर बसलेले माणूस धडकेत पुढे जाईल, तेव्हा त्याच्यापुढे हे बनियन असेल.

दीर वाकून ऐकत होता. त्याच्या कपाळावर आठी पडली होती. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळेत जात होता. ताप चढला की आईला सोडून त्यांच्या मांडीवर डोके ठेवायचा, आणि अशीच आठी पडायची. त्या आठीकडे पाहताना त्यांना क्षणभर वाटले, झाले, आता हा सरळ होईल, गाडीला लाथ मारेल, आपण घरी जाऊ.

"म्हणजे चाकातली आहे," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या बाजूची. ती आहे ना?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने ते लपवूनछपवून विचारले नव्हते. चहात साखर आहे ना, असे विचारावे तसे विचारले होते.

"आहे," त्या म्हणाल्या.

त्याने श्वास सोडला. कपाळ मोकळे झाले. त्याने एकदा मालकाकडे पाहिले, मालक लांब उभा राहून बोटे पुसत होता, आणि मग तो त्यांच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला सकाळच्या कॉफीचा वास येत होता.

"वहिनी, तुम्ही कमाल केलीत. आता बघा किमतीत कसा खाली आणतो त्याला. एवढं सापडल्यावर तो बोलणार काय?"

"भावजी, त्या सीटवर कोण बसणार आहे?"

"अहो, बसवून घेऊ ना नवी. आज नाही तर दोन-चार महिन्यांनी. आणि मी चालवतो नीट, तुम्हाला माहीत आहे." मग आवाज आणखी उतरवून, "फक्त तिला काही सांगू नका. या दिवसांत उगाच मनाला लावून घेईल. तिच्या तब्येतीला चांगलं नाही."

आणि तो निघाला. दोन्ही हात पसरून, चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या माणसाचा राग चढवत तो मालकाकडे गेला. सर्व्हेयरबाईंना बोलणे ऐकू येत नव्हते, फक्त दिसत होते. त्याने कप्प्याकडे बोट दाखवले. मालकाने छातीवर हात ठेवून, मला खरंच ठाऊक नव्हतं, अशी मान हलवली. दीर पाठ फिरवून चार पावले गेला, मालकाने त्याला दंडाला धरून परत आणले. दोघांना आपापली सोंगे पाठ होती. शेवटी मालकाने कागदी रुमाल फेकून दिला आणि हात पुढे केला, आणि दिराने तो हातात घेऊन हलवला, आणि दोघे हसले.

फुटलेल्या गाड्यांमधून निघालेल्या माणसांचे फोटो त्यांनी पाहिले होते. त्यांच्याकडे पाहून अशी किळस कधी आली नव्हती. हे वेगळेच होते. घरच्या ताटात, घासातच केस लागावा तसे.

त्या कार्यालयात शिरल्या तेव्हा जाऊ पाण्याची बाटली गालाला लावून बसली होती. आता पोट चांगले दिसू लागले होते. खुर्चीत ती थोडी मागे रेलूनच बसायची.

"झालं, ताई? मला वाटलं तुम्ही इंजिनच काढून बसलात." मग तिची नजर खाली गेली. "शी! हातात काय आहे तुमच्या?"

बनियन अजून त्यांच्या मुठीत होते. रुमालाची घडी दुसऱ्या हातात. दोन्ही गोष्टी टाकायच्या राहून गेल्या होत्या.

सांगायचे की नाही, याचा निर्णय त्यांनी घेतला असे नव्हते. त्या अहवाल लिहीत तशाच बोलल्या, एकही विशेषण न वापरता. कुठली बाजू, काय नाही, त्याच्या जागी काय होते.

जाऊने बाटली हळूच मांडीवर ठेवली. बाटलीवरचे थेंब तिच्या कुर्त्यात जिरले. "म्हणजे मी बसते ती बाजू."

"हो."

"मग नाही ना घेत आपण?"

सर्व्हेयरबाई काचेबाहेर पाहत राहिल्या. बाहेर मालक गाडीच्या काचेवरची किमतीची पट्टी नखाने खरवडून काढत होता. जाऊनेही पाहिले.

"यांना सांगितलंत तुम्ही?"

"तुझ्या आधी."

"काय म्हणाले?"

खोलीत पंखा करकरत होता. "चाकातली आहे का, विचारलं."

जाऊने मान हलवली, जशी एखादी अपेक्षित रक्कम बरोबर निघाल्यावर हलवावी. तिचे डोळे भरले नाहीत. फक्त वरचा ओठ एका बाजूने किंचित उचलला गेला, दुधाचे भांडे उघडून हुंगताना उचलला जातो तितकाच. तिने बाटलीतले उरलेले पाणी पिऊन टाकले, झाकण घट्ट लावले, आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन ती उठली.

"ते टाका, ताई," ती म्हणाली. "आणि हात धुऊन या."

त्या हात धुऊन, साबणाने पुन्हा धुऊन बाहेर आल्या तेव्हा मालक दिराला चावी देत होता. "एक चक्कर मारून आणा घरच्यांना. तोवर तुमची जुनी गाडी बघून होईल. मग कागदांचं करू." दीर चावी बोटावर फिरवत चालकाच्या दाराशी आला. जाऊ तिथे आधीच उभी होती.

"मी चालवते," तिने हात पुढे केला.

"तू? अगं, ही आपल्या डबड्यासारखी नाही. नुसता पाय ठेवला तरी..."

"म्हणूनच तर. मलाही चालवावी लागणार ना पुढे?" ती हसत होती. "द्या."

मालक बघत होता. त्याचा माणूस बघत होता. दिराने एकदा बायकोकडे, एकदा वहिनीकडे पाहिले; वहिनी आपले ओले हात झटकत होत्या. त्याने चावी दिली. जाऊ सावकाश आत बसली, पोट सांभाळत सीट मागे सारली, पट्टा ओढून खाली सरकवून नीट बसवला.

दीर गाडीच्या पुढून वळसा घालून गेला. शेजारच्या दाराशी येऊन त्याने हातात कडी धरली, दार उघडले. आत सीट होती, आणि सीटपुढे ते काळे, गुळगुळीत, निर्मळ पुसलेले आवरण. तो वाकला. एक पाय त्याने आत ठेवलाही होता.

मग तो सरळ झाला.

"वहिनी," तो म्हणाला, आणि दार आणखी मोठे उघडून अदबीने बाजूला झाला, "तुम्ही बसा ना पुढे. मोठ्या तुम्ही. मागे पाय अवघडतील तुमचे."

सर्व्हेयरबाई जागच्या हलल्या नाहीत. जाऊनेही मान वळवली नाही. ती आरसा स्वतःच्या उंचीला लावत होती, बोटाच्या टोकाने, अगदी थोडा थोडा. तो नीट बसल्यावरही तिचे बोट तिथेच राहिले. तिने चावी फिरवली नाही. दार धरून तो अजून हसतच उभा होता, कुणीतरी बसण्याची वाट पाहत.