टेपचं दुसरं टोक

जुनी इमारत पाडायची, तिथेच नवी बांधायची आणि भाडेकरूंना त्यात हक्काची घरं द्यायची, असं ठरल्यापासून तिन्ही मजल्यांवर आनंदीआनंद होता. का नसावा? छताचा गिलावा जेवणाच्या ताटात पडत होता, गच्चीचा कठडा टेकूंवर उभा होता आणि नळ मनात आलं तरच वाहायचा. तेवीस बिऱ्हाडं, तेवीस घरं. जिन्याखालचा बाइंडर तेवढा यादीत कुठेच नव्हता.

आठ फूट बाय पाच फुटांच्या त्या कोपऱ्यात तो तीस वर्षं पुस्तकं बांधत होता. एक लोखंडी प्रेस, खळीचा डबा, जाड सुया, कापडाचे गुंडाळे, संपला संसार. वाचनालयाचे फाटके शब्दकोश यायचे, कुणाच्या वडिलांची सुटलेली डायरी यायची. दुसऱ्याचं एक पान हा माणूस वाया जाऊ द्यायचा नाही. पण स्वतःसाठी दोन शब्द बोलायची वेळ आली की याची दातखीळ बसायची.

नियम सरळ होता. मंजूर नकाशात ज्याची जागा, त्याला नव्या इमारतीत जागा. नकाशा अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, आणि बाइंडर बसायचा तिथे त्यात नुसत्या पायऱ्या काढलेल्या. बिल्डरचा आर्किटेक्ट म्हणाला, "हे गृहस्थ मागाहून घुसलेत." झालं, विषय मिटला.

मिटला असता, पण फेरमोजणीला नगररचना कार्यालयातून मोजणीदार बाई आल्या. निवृत्तीला चार महिने राहिलेले. दुसरा कुणी असता तर त्याने चहा पिता पिता जुन्या नकाशावरचे आकडे उतरवले असते. या बाई कपाटं सरकवून भिंतीला टेप लावत होत्या, कोनाड्यांची खोलीसुद्धा सोडत नव्हत्या. बाइंडर खालून त्यांची पावलं ऐकत राहिला. काम करावं तर असं, असं त्याला मनापासून वाटलं.

शेवटी त्या जिन्याखाली आल्या, चांगल्या वाकून आत आल्या. "तुम्ही इथे कधीपासून?"

"मागचा नकाशा झाला तेव्हा होतो की," बाइंडर म्हणाला. "एक तरुण बाई आल्या होत्या मोजायला. त्यांचा शिपाई आला नव्हता, म्हणून दिवसभर टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोपरा मोजला आणि तडक निघून गेल्या. आपण काही वावगं तर बोललो नाही ना, या विचाराने बाइंडरचं त्या दिवशी कामात लक्ष लागेना.

फेरमोजणीनंतर नकाशा मंजुरीच्या समितीपुढे जायचा होता; त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खाली आल्या. "काका, राग मानू नका. तुमच्यासाठी नकाशा बदलायचा म्हणजे सगळंच लांबलं. माझ्या सासूबाई ज्या खोलीत झोपतात ना, तिचं छत कधी खाली येईल याचा नेम नाही."

त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून तर त्याला ते जास्त लागलं. उद्या समितीपुढे सांगून टाकायचं की माझं काही मागणं नाही, असं त्याने ठरवलं.

"जगाची पुस्तकं शिवा आणि स्वतःचं पोट उसवा," बायको कडाडली. "प्रेस घेऊन जाणार कुठे?"

"बघू."

"तुमचं बघू मी लग्नापासून बघतेय."

सुनावणीच्या दालनात तो सगळ्यांच्या आधी उभा राहिला. "साहेब, माझं काही म्हणणं नाही. माझ्यापायी यांची घरं..."

"तुम्ही बसा जरा," मोजणीदार बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून एक पिवळी पडलेली वही काढली. मोजणीवही. टेप कुणी धरली तेही तिच्यात रोजच्या रोज लिहायची पद्धत असते. माप चुकलं तर दोघांनाही विचारता यावं म्हणून. बाईंनी अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख वाचली आणि पुढे वाचलं, "मोजणी, मी स्वतः. टेप धरणारे, जिन्याखालचे बाइंडर."

अध्यक्षांनी वही हातात घेतली. "मग हे नकाशात का नाहीत?"

"माझी चूक आहे, साहेब. जिना वरून बघून काढतात, तसा मी काढला. ज्यांनी दिवसभर माझी टेप धरली, त्यांचीच जागा मोजायची राहिली."

"बाई, निवृत्ती तोंडावर आलीय तुमची. हे लेखी घ्यावं लागेल, चौकशी लागेल."

"लिहूनच आणलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

याला छाती लागते हो. वही कपाटात राहू दिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. बाइंडरला वर बघवेना. अठ्ठावीस वर्षांत आपली कुणी नोंद ठेवली असेल, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

समितीने अर्धा तास घेतला. तळमजल्यावर एक गाळा वाढवून नकाशा सहा आठवड्यांत पुन्हा सादर करावा, असा निर्णय झाला. मग कारकून सह्यांसाठी एकेक क्रमांक पुकारू लागला. लोक उठत होते, सही करून परत येत होते. तेवीस झाले.

"चोवीस," कारकून म्हणाला.

कुणी उठेना. हा चोवीसवा कोण, म्हणून बाइंडरही मान वळवून बघू लागला. तेवढ्यात मागून मास्तरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो काका, तुम्हीच," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना सहा आठवडे बाहेरच्या खोलीत झोपवीन मी. उठा."